खिडकी बंद, ब्राउझर चालू

मुक्ताईनगरातल्या एका दुकानात मी कॉलेजचा फॉर्म भरला, फुली दाबली आणि निघालो. छत्री विसरली म्हणून परत गेलो, तर पुढच्या मुलाने ब्राउझर उघडलेला आणि समोर माझंच खातं!

असं का झालं? पडद्यामागे चालत राहणारे प्रोग्राम तसे जुने. १९६३च्या सुमारास एमआयटीत त्यांना ‘डेमन’ नाव पडलं, शास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, न थकता राबणाऱ्या राक्षसावरून. फाइलींच्या प्रती टेपवर घेण्यासारखी कामं ते गुपचूप करायचे.

ब्राउझर मात्र काम झालं की बंद व्हायचा. १९९४ मध्ये नेटस्केपने ‘कुकी’ आणली, म्हणजे तुमची ओळख लक्षात ठेवणारी चिठ्ठी. काही चिठ्ठ्या ब्राउझर बंद होताच पुसल्या जातात. पुढे क्रोमने खिडकी मिटल्यावरही मागे चालू राहायची सोय दिली. २०१५ पासून तर बंद केलेल्या साइटच्या सूचनाही येऊ लागल्या. सोय चांगलीच आहे हो, पण ब्राउझर बंदच झाला नाही, तर चिठ्ठी पुसणार कधी?

म्हणून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधी लॉगआउट, मग फुली. मी तेव्हा ते केलं नव्हतं. त्या मुलाने शांतपणे खुर्ची मला दिली, हे माझं नशीब.