कप्तानाचा धर्म

जमिनीवर एखाद्या अधिकाऱ्याची चूक झाली, तर ती दुरुस्त करण्यास वरिष्ठ असतो, कचेरी असते, निदान दुसरा दिवस तरी असतो. भर समुद्रांत यांपैकीं कांहींच नसतें. म्हणूनच दर्यावर्दी राष्ट्रांनीं कप्तानाच्या हातीं असा अधिकार दिला आहे, कीं जहाजाच्या सुरक्षिततेच्या बाबतींत प्रत्यक्ष मालकालाहि त्याचा शब्द मोडतां येऊं नये. एवढ्या मोठ्या अधिकाराबरोबर कोणतें कर्तव्य येतें, याचा निवाडा २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्यावर घडलेल्या एका अपघातानें जगापुढें मांडला.

'कोस्ता कॉन्कॉर्डिया' हें जहाज २००६ सालीं समुद्रावर आलें. त्याची लांबी २९० मीटर. त्यांत नाटकगृह, पोहण्याचे तलाव, उपाहारगृहें, सर्व कांहीं होतें. पाण्यावर तरंगणारें तें एक गांवच होतें. शुक्रवार, ता. १३ जानेवारी २०१२ रोजीं सायंकाळीं रोमजवळील चिवितावेक्या बंदरांतून तें साव्होना बंदराकडे निघालें. जहाजावर ३,२०६ प्रवासी आणि १,०२३ खलाशी व नोकर, मिळून ४,२२९ माणसें होतीं. वाटेंत तस्कनी प्रांताच्या समुद्रांत जील्यो नांवाचें एक लहानसें डोंगराळ बेट लागतें. नेहमींचा मार्ग या बेटापासून पुष्कळ दुरून जात असे. परंतु कप्तान फ्रांचेस्को स्केत्तीनो यानें त्या रात्रीं बेटाला 'सलाम' करण्याचें ठरविलें. दिव्यांनीं झगमगणारें जहाज किनाऱ्यालगत न्यावें, भोंगा वाजवावा आणि बेटावरील लोकांनीं तें कौतुकानें पाहावें, असा हा रिवाज होता. तो नवीन नव्हता. आधीं असे सलाम सुखरूप पार पडले होते, आणि पार पडलेलें धाडस माणसाला हळूहळू नियमासारखें वाटूं लागतें.

रात्रीं पावणेदहाच्या सुमारास जहाज ल स्कोले नांवाच्या खडकांवर आदळलें. डाव्या बाजूस पाण्याखालीं सुमारें ५३ मीटर लांबीची भेग पडली. अशा जहाजाचें पोट आडव्या भिंतींनीं वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेलें असतें. लागून असलेले दोन कप्पे भरले तरी जहाज तरंगत राहावें, अशी त्याची रचना होती. येथें लागोपाठ पांच कप्प्यांत पाणी शिरलें. यंत्रें बंद पडलीं, दिवे गेले, सुकाणू निकामी झालें. यापुढें जहाज वाचणें शक्य नव्हतें. माणसें मात्र वाचविण्यासारखीं होतीं. हवा शांत होती, किनारा हांकेच्या अंतरावर होता आणि हातांत वेळ होता.

तो वेळच वायां गेला. प्रवाशांना सांगण्यांत आलें, कीं विजेंत कांहीं बिघाड झाला आहे. एका प्रवाशानें घरीं दूरध्वनि केला, घरच्यांनीं पोलिसांना कळविलें, पोलिसांनीं बंदराच्या कचेरीस विचारलें, आणि त्या कचेरीनें जहाजाकडे चौकशी केली, तेव्हांहि केवळ दिवे गेल्याचेंच उत्तर मिळालें. संकटाची पहिली वर्दी अशा रीतीनें जहाजाच्या अधिकाऱ्यांकडून न मिळतां एका घाबरलेल्या प्रवाशाकडून मिळाली. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला तो टक्कर झाल्यानंतर तासाभरानें, अकराच्या सुमारास. तोंपर्यंत जहाज वाऱ्यानें बेटाकडे ढकललें जाऊन उथळ पाण्यांत टेकलें होतें आणि उजव्या बाजूस कलत चाललें होतें. कललेल्या जहाजावरून होड्या खालीं सोडणें फार अवघड असतें. बहुसंख्य माणसें वांचलीं. बत्तीस माणसें प्राणांस मुकलीं. जहाजावर सुमारें दोनशें भारतीय नोकर होते. मृतांत मुंबईकडील एक तरुणहि होता.

शेंकडों माणसें अद्याप जहाजावर असतां कप्तान किनाऱ्यावर पोहोंचला होता. लिव्होर्नो येथील तटरक्षक अधिकारी ग्रेगोरिओ दे फाल्को यानें त्याला दूरध्वनीवरून कडक शब्दांत परत जहाजावर चढण्याचा हुकूम केला. तें संभाषण ध्वनिमुद्रित झालें आणि साऱ्या जगानें ऐकलें. कप्तान परत गेला नाहीं. आपण घसरून होडींत पडलों, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच रात्रीं बेटाचा उपनगराध्यक्ष मात्र, समुद्राशीं व्यावसायिक संबंध नसतांहि, जहाजावर चढून लोकांना बाहेर काढीत होता.

ग्रोसेतो येथें खटला चालला. कंपनीनें २०१३ सालीं दहा लक्ष युरो दंड भरून आपल्यापुरतें प्रकरण मिटविलें. इतर पांच जणांनीं तडजोडीनें शिक्षा पत्करली. आपल्या एकट्यालाच बळीचा बकरा केलें, या कप्तानाच्या तक्रारींत अगदींच तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. सुकाणूदाराला हुकूम नीट कळला नाहीं, हेंहि खरें. परंतु मार्ग कोणीं बदलला, या प्रश्नाला उत्तर एकच होतें. ता. ११ फेब्रुवारी २०१५ रोजीं त्याला सोळा वर्षें एक महिना कारावासाची शिक्षा झाली, आणि मे २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली.

या शिक्षेचे भाग पाहण्यासारखे आहेत. मृत्यूंबद्दल दहा वर्षें, जहाज फोडल्याबद्दल पांच, खोटी माहिती दिल्याबद्दल एक महिना, आणि प्रवाशांना सोडून गेल्याबद्दल एक वर्ष. लोकांच्या स्मरणांत मात्र क्रम उलटा आहे. खडक फारसा कोणाच्या ध्यानांत नाहीं. पळून गेलेला कप्तान सर्वांच्या ध्यानांत आहे. लोकांचा हा न्याय भावनेचा असला, तरी पोकळ नाहीं. अंदाज चुकणें कोणाच्याहि वांट्याला येऊं शकतें. पण चुकीनंतरचा प्रत्येक क्षण हा नवा निर्णय असतो, आणि तो निर्णय हातीं असणारा माणूसच निघून गेला, तर खलाशी कितीहि शूर असले तरी त्यांची फळी उरत नाहीं, गर्दी उरते.

कप्तानानें जहाजाबरोबर बुडून मेलेंच पाहिजे, ही समजूत मात्र चुकीची आहे. १८५२ सालीं दक्षिण आफ्रिकेजवळ 'बर्कनहेड' फुटलें, तेव्हां स्त्रिया व मुलें आधीं होड्यांत बसविलीं गेलीं आणि तीं सर्व वांचलीं; कप्तान सॅमंड व चारशेंहून अधिक पुरुष गेले. 'टायटॅनिक'चा कप्तान स्मिथ १९१२ सालीं जहाजाबरोबर गेला. त्यामुळें बर्फाच्या प्रदेशांतून भरवेगानें जाण्याची चूक पुसली गेली नाहीं. मरणानें जबाबदारी फिटत नाहीं. इटलीचा कायदा कप्तानाकडे प्राण मागत नाहीं. सर्वांच्या शेवटीं निघावें, एवढेंच मागतो. १९९१ सालीं 'ओशिआनोस' बुडतांना तिचा कप्तान प्रवाशांच्या आधींच निघून गेला होता. जहाजावरील गायक-वादकांनीं पुढाकार घेतला आणि सर्व माणसें वांचलीं. तेथें कप्तानाच्या नांवाची कसूर इतरांनीं भरून काढली; जील्योच्या रात्रीं ती तशी भरून निघाली नाहीं.

अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. त्या सायंकाळीं चढलेल्या कित्येक प्रवाशांना होडीपर्यंतची वाट दाखविली गेलेली नव्हती. तेव्हांच्या नियमाप्रमाणें त्यासाठीं चोवीस तासांची सवलत होती. २०१५ पासून ही तालीम जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेणें बंधनकारक झालें. 'कॉन्कॉर्डिया' सप्टेंबर २०१३ मध्यें सरळ उभें करण्यांत आलें आणि जुलै २०१४ मध्यें, जेथें तें बांधलें गेलें त्याच जेनोव्हा शहरीं मोडण्यासाठीं नेण्यांत आलें. बेपत्ता राहिलेल्या शेवटच्या माणसाचे अवशेष त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तेथेंच सांपडले. तो मुंबईकडचाच तरुण होता. प्रवाशांना सोडून जाण्याची सत्ता ज्याच्या हातीं होती तो किनाऱ्यावर पोहोंचला. आणि ज्याच्या हातीं कोणतीच सत्ता नव्हती तो पावणेतीन वर्षें जहाजावर राहिला.