विटेनबर्गच्या न्हाव्याची शिकवणी

बाकावर जरा सरकून बसा, तुमचा नंबर यायला वेळ आहे. साल १५३५ उजाडलंय. बाहेर थंडी हाडात शिरतेय आणि एल्बेकाठच्या विटेनबर्ग गावात तुम्ही ऊब शोधत शिरलात ते पेटर बेस्केनडॉर्फच्या न्हाव्याच्या दुकानात. इथं दाढी होते, केस कापले जातात, दुखरी दाढ उपटली जाते आणि अंगातलं वाईट रक्त काढायला शीरही उघडली जाते. बातम्या तर विचारूच नका. न्हाव्याच्या दुकानाला तो नियम कुठल्याही मुलखात लागू आहे.

खुर्चीत बसलेले, अंगानं सुटलेले एकावन्न वर्षांचे गृहस्थ म्हणजे डॉक्टर मार्टिन ल्यूथर. पोपशी उभा दावा मांडून अख्खा युरोप ढवळणारा हा माणूस मान मागं टाकून, गळा वस्तऱ्याखाली देऊन निवांत बसलाय. पेटर त्यांचा जुना दोस्त. विषय घरचेच: डिसेंबरात जन्मलेली धाकटी मार्गारेटे, काथारीनाबाईंनी घरी गाळलेली बिअर. नवरा पूर्वीचा मठवासी, बायको पूर्वीची नन, आणि दोघांचा संसार त्याच जुन्या मठात. जेवायला विद्यार्थ्यांची पंगत असते आणि त्यातले काहीजण घास बाजूला ठेवून डॉक्टरांचं बोलणं टिपून घेतात.

तुम्ही मात्र पेटरच्या हाताकडं बघा. जीभ चालू असली तरी नजर पात्यावरून हलत नाही. कुठवर आलो, कुठून पुढं जायचं, हे बोटांना पाठ आहे. पातं गळ्याच्या घाटीवर आलं की जीभही थांबते.

हे हेरणारे तुम्ही एकटे नाही. याच पेटरनं डॉक्टरांना विचारलं होतं, प्रार्थना करायची तरी कशी? उत्तरादाखल डॉक्टरांनी एक पुस्तिकाच लिहिली आणि ती नुकतीच छापून आलीय. घ्या, चाळा.

सुरुवातीलाच डॉक्टर स्वतःची अडचण सांगून टाकतात. कामाच्या रगाड्यात त्यांचंही मन थंड पडतं, प्रार्थनेचा कंटाळा येतो. मग ते स्तोत्रसंहिता उचलतात, खोली गाठतात किंवा मंडळी जमली असतील तर चर्चमध्ये जातात, आणि दहा आज्ञा, विश्वासांगीकार लहान मुलासारखे स्वतःशीच म्हणतात. एवढं काम उरकतो, मग तासाभरानं बसतो, असं सांगणाऱ्या मनाला दाद द्यायची नाही. प्रार्थना हे सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं काम. प्रत्येक आज्ञेचे चार पदर करायचे: ती काय शिकवते, कशाचे आभार मानायचे, आपण कुठं चुकलो, काय मागायचं. पण हे शब्द घोकू नको, असंही बजावलंय. डॉक्टर स्वतःही रोज तेच म्हणत नाहीत. मध्येच पवित्र आत्मा आत काही बोलू लागला, तर बाकीचं सोडून गप्प राहून ऐकायचं.

आणि लक्ष कसं ठेवायचं? इथं डॉक्टर पेटरचाच वस्तरा पुढं करतात. चांगल्या न्हाव्याचं ध्यान पात्यावर आणि केसांवर असतं. तो गप्पांत रमला, इकडंतिकडं बघू लागला, तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, गळासुद्धा. प्रार्थनेला याहून कमी लक्ष कसं चालेल?

मला ही जागा फार आवडते. धर्म शिकवणारे बहुतेक लोक आपल्या पोथीतूनच बोलतात. यानं शिष्याच्या धोकटीत हात घातला. ज्या माणसाला तुम्ही प्रार्थना शिकवणार, तो एकाग्रतेचा धडा रोज पोटासाठी गिरवतच असतो. ते त्याला दाखवून द्यायला आधी त्याच्या खुर्चीत बसावं लागतं, पुष्कळदा बसावं लागतं.

आता थोडं पुढं चला. २७ मार्च, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. पेटर मुलीकडं जेवायला गेलाय. जावई शिपाईगडी; आपल्या अंगाला हत्यार बाधत नाही, अशी त्याची बढाई. सासऱ्याच्या हातात पातं येतं, तो भोसकतो आणि जावई जागीच कोसळतो.

पुस्तिकेत पाचवी आज्ञा आहे, खून करू नको (आपल्याकडच्या बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत ती सहावी, डॉक्टर जुनी मोजणी पाळतात). तिचेही चार पदर पेटरसाठी उलगडून दिलेले. शेजाऱ्याच्या जिवाला जपणं, राग, सगळं त्यात आहे. शाई वाळून फार दिवस झालेले नाहीत.

अशा वेळी गुरूनं हात झटकले असते तर कुणी नावं ठेवली नसती. अब्रू त्याचीही पणाला लागली होती. पण डॉक्टर न्हाव्यासाठी शब्द टाकतात, इतर वजनदार माणसंही पुढं होतात. पेटरचा जीव वाचतो. घरदार, चीजवस्तू जाते आणि त्याला हद्दपार होऊन डेसाऊला जावं लागतं. खून तो खूनच. मुलगी विधवा झाली, हे कुणाच्या रदबदलीनं पुसलं जात नाही.

पुस्तिका मात्र त्या एका वर्षात चारदा छापली गेली. माझ्यापाशी आहे तसं तुम्हाला देतो, असं डॉक्टर तिच्यात ज्याला सांगतात, तो मास्टर पेटरच.