काळ्यातून निघालेला चेहरा

सुरतेच्या बंदरातून युरोपात गेलेलं गुजरातचं बरंचसं छापील सुती कापड लाकडी ठशांचं होतं. ठशाचा कायदा साधा: नको तेवढं लाकूड कोरून टाकायचं, उरेल त्यालाच रंग लागतो. जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्स हिनं पहिल्या महायुद्धानंतर स्वतःचा चेहरा याच कायद्यानं कागदावर उमटवला. त्या काष्ठठशाचं कूळ युद्धात आहे, असं माझं म्हणणं. यावर पहिला आक्षेप उघड आहे. ती तरुणपणापासूनच स्वतःचे चेहरे काढत होती, मग श्रेय युद्धाला कशाला? आक्षेप खरा आहे, पण विषयापुरता. युद्धाआधी तिचा हात बसला होता तो एचिंग नि शिळामुद्रणावर, आणि दोन्हींत करड्या छटांना भरपूर वाव असतो. काष्ठठशात करडा जवळजवळ नाहीच. लाकूड राहिलं तर काळं, गेलं तर पांढरं.

हा बदल समजायला 1914 कडे जावं लागतं. तिचा मुलगा पेटर अठरा वर्षांचा, अजून सज्ञान नव्हता. सैन्यात जायला वडिलांची संमती हवी होती आणि नवऱ्याचं मन वळवलं ते हिनंच. ऑक्टोबरात पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. शोकात स्वतःचा हात मिसळलेला असला की तो हळुवार छटांत मावत नाही. युद्धावरची चित्रं तिनं आधी जुन्याच माध्यमांत करून पाहिली, ती जमेनात. 1920 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखचे काष्ठठसे पाहिले आणि वाट मोकळी झाली. त्यातून झालेल्या तिच्या ‘युद्ध’ मालेत सात ठसे आहेत. ‘स्वयंसेवक’मध्ये ढोल बडवणाऱ्या मृत्यूच्या लगत पेटर आहे. मग श्रेय बार्लाखला द्यावं का? त्यानं हत्यार दाखवलं एवढंच. त्या हत्याराचं काम पेटर गेल्यापासून तिच्यापाशी अडून बसलं होतं. त्याच वर्षांतल्या तिच्या आत्मचित्रात काळ्यातून मोजक्या पांढऱ्या घावांनी एक थकलेला चेहरा वर येतो. तो कुणाही मुलगा गमावलेल्या बाईचा वाटतो, आणि ठसा असल्यानं त्याच्या अनेक प्रती निघू शकत होत्या. तिला अभिव्यक्तिवादी म्हणावं की नाही, हा वाद मला त्यापुढे किरकोळ वाटतो.

पुढे 1931 मध्ये चिनी लेखक लू शून यानं त्याच मालेतला ‘बलिदान’ हा ठसा चिनी नियतकालिकात छापवला आणि तिथल्या तरुण कोरणाऱ्यांनी तो रस्ता धरला. 1946 पासून मुंबईत राहिलेल्या चित्रकार चित्तप्रसाद यांची काळीपांढरी लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं, त्याच कुळातली आहेत.