कोटाबाहेरचे बंगले आणि त्यांचा सौदा

आपल्या शहराचा इतिहास सांगावयाचा म्हटला कीं बोलणारा बहुधा मलिक अंबरापासून आरंभ करतो, बीबी का मकबऱ्यापाशीं थांबतो आणि पाणचक्कीच्या हौदावर येऊन विसावतो. दरवाजे, मकबरे आणि लेणीं यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या घरांतून या शहराचा मध्यमवर्ग गेलीं साठ-सत्तर वर्षें राहिला, त्या घरांविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं. जुन्या कोटाच्या बाहेर, १९५० ते १९७० या काळांत उभे राहिलेले ते बैठे किंवा एकमजली बंगले आतां एकामागून एक विकले जात आहेत. आणि विकले जाणें म्हणजे पाडले जाणें, असाच अर्थ बहुतेक वेळां झाला आहे. घर विकण्याची रीत पूर्वीं काय होती, मध्यस्थाचें काम कोणतें समजलें जाई, आणि या बंगल्यांच्या बाबतींत तें कोणतें असावें, एवढ्याचाच विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

घराची विक्री ही दोन माणसांतील खाजगी बाब आहे, अशी आज आपली समजूत आहे. आपल्या पूर्वजांची ती नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वास्तुविक्रयाचें स्वतंत्र प्रकरण आहे. घर घेण्याचा पहिला मान आप्तांचा, नंतर शेजाऱ्यांचा आणि नंतर धनकोंचा, असा क्रम तेथें लावून दिला आहे. घरासमोर चाळीस शेजारी कुळांच्या समक्ष विक्रीची घोषणा करावयाची, किंमत तीनदां पुकारावयाची, आणि कोणीं हरकत घेतली नाहीं तरच तिऱ्हाइतानें तें घर घ्यावयाचें. चढाओढीनें किंमत वाढली तर ती वाढ करासह राजाच्या कोशांत जमा व्हावयाची. खोटी चढाओढ लावून देण्यांत विकणाऱ्याचा कांहींच लाभ उरूं नये, अशी ही योजना होती.

मुसलमानी कायद्यांतहि याच जातीचा एक हक्क आहे. त्यास ‘शुफा’ म्हणतात. घराचा सहमालक, वाट किंवा पाणी यांचा भागीदार आणि लगतचा शेजारी, अशा तिघांना क्रमानें आधीं खरेदी करण्याचा अधिकार त्यानें दिला. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं यांपैकीं निव्वळ शेजारीपणावर आधारलेला हक्क राज्यघटनेशीं विसंगत ठरविला, आणि तो योग्य कारणासाठीं ठरविला. कारण या हक्काच्या आडून नको त्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला वस्तीबाहेर ठेवतां येत असे. तथापि एक गोष्ट त्या जुन्या रीतींत चांगली होती. घर कोणाच्या हातीं जातें याचा परिणाम शेजारावर होतो, हें तिनें मानलें होतें.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकीस राजधानी वसविली व नहरीचें पाणी गांवांत खेळविलें. १६५३ सालीं औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार झाला आणि शहराला त्याचें नांव मिळालें. पुढें मोंगल सरदारांच्या छावण्यांभोंवतीं पुरे वसले. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगांचा करणपुरा, पदमसिंगांचा पदमपुरा हीं नांवें आजहि त्या माणसांची साक्ष देतात. या पुऱ्यांतून आणि कोटाच्या आंतल्या गल्ल्यांतून जीं घरें होतीं, त्यांना जाड भिंती, मधोमध चौक आणि सागवानी तुळयांवर मातीचें माळवद असे. अशा दाट वस्तींत घर विकावयाचें असल्याची वार्ता पाटी न लावतांहि पसरते. शेजार हाच तेथें पहिला मध्यस्थ.

ज्याला आपण दलाल म्हणतों तो यानंतरचा. हा शब्द अरबी आहे व त्याचा मूळ अर्थ वाट दाखविणारा असा आहे. शब्द मोठा आहे. धंद्यानें त्यास लहान केलें. निजामाच्या अमलांत वाट दाखविणाऱ्याची गरज खरोखरच होती. दस्तऐवज उर्दूंत, त्याआधींचे फारशींत, आणि घरगुती कागद मोडींत. सन फसली, त्यांत सुमारें ५९० मिळविल्यावांचून इसवी सन लागत नाहीं. किंमत हाली शिक्क्यांत. आणि सात हाली रुपये म्हणजे कलदार सहा, असा सर्वसाधारण हिशेब. हें नाणें १९५९ पर्यंत चलनांत होतें. तेव्हां ७,००० हालीस झालेला सौदा वास्तविक ६,००० रुपयांचा होता, हें ज्याला माहीत नाहीं तो जुना बैनामा वाचूनहि चुकीचाच अर्थ काढील. आजहि कित्येक घरांच्या कागदपत्रांची मालिका अशाच एखाद्या बैनाम्यापासून सुरू होते.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि या शहराचा नवा काळ सुरू झाला. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय झालें. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९५८ च्या ऑगस्टमध्यें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, इंजिनीयर, सरकारी अधिकारी असा एक नवा पगारदार वर्ग शहरांत आला. त्याला चौकाचा वाडा नको होता आणि परवडणाराहि नव्हता. त्यानें कोटाबाहेर प्लॉट घेतला आणि बंगला बांधला.

या बंगल्यांकडे नीट पाहावें. सागवानाच्या तुळयांच्या जागीं सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आला, त्यामुळें छप्पर सपाट व हलकें दिसूं लागलें. खिडक्यांवरून एकसलग छज्जा धांवूं लागला. येथल्या उन्हाळ्यांत तो शोभेसाठीं नव्हता. जिन्याच्या भिंतीला जाळी, जमिनीस मोझेक किंवा शहाबादी फरशी, पुढें लहानसा पोर्च आणि मागें पेरू-लिंबाची जागा. सिमेंट त्या काळीं नियंत्रणाखालीं होतें; तें नियंत्रण १९८२ सालीं अंशतः आणि १९८९ सालीं पूर्णपणें उठलें. त्यामुळें प्रत्येक पोत्याचा हिशेब होता, आणि त्या काटकसरींतून या घरांना एक प्रकारचा नीटसपणा आला.

याहून मोठा बदल घराच्या आंत झाला. चूल जमिनीवरून ओट्यावर आली आणि घरची बाई उभी राहून स्वयंपाक करूं लागली. स्नानगृह व संडास मागील दाराहून घरांत आले. माजघर गेलें, पाहुणा आला असतां बायकांनीं आंत व्हावयाचें, हा रिवाज ज्या दाराआड टिकला होता तें दारच नाहींसें झालें. समाजसुधारणेच्या इतिहासांत सभा व ठराव यांची नोंद होते. घराचा नकाशा बदलल्यानें काय घडलें याची होत नाहीं. हे बंगले त्या बदलाचे दस्तऐवज आहेत.

परदेशांत या काळच्या घरांस आज मोठा मान आहे. अमेरिकेंत ‘मिड-सेंचुरी मॉडर्न’ हें नांव एका लेखिकेच्या १९८४ सालच्या पुस्तकानें रूढ केलें. कॅलिफोर्नियांत जोसेफ आयक्लर या व्यावसायिकानें १९४९ पासून पुढील सुमारें पंधरा-सोळा वर्षांत मध्यमवर्गासाठीं जवळजवळ ११,००० घरें बांधलीं. तींच आज हौसेनें शोधून घेतलीं जातात. लंडनमध्यें अशाच घरांच्या खरेदी-विक्रीस वाहिलेली ‘द मॉडर्न हाउस’ ही पेढी २००५ सालीं निघाली. अशा मध्यस्थाची रीत ध्यानांत घेण्यासारखी आहे. घराचा वास्तुकार कोण, तें कोणत्या सालीं बांधलें, मूळ नकाशा काय होता, मागाहून कोणते फेरफार झाले, हें तो आधीं शोधून काढतो. आणि घर पाडावयास नव्हे तर राहावयास हवें आहे अशा ग्राहकाकडे तें नेतो. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाभोंवतालच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. पण त्या याच्याहि आधींच्या पिढीच्या आहेत. आपल्या बंगल्यांकडे अजून तशी दृष्टि वळलेली नाहीं.

येथील मालकाची अडचणहि समजून घेतली पाहिजे. मुलें पुण्यास किंवा परदेशीं असतात. पावसाळ्यांत स्लॅब गळतो, छज्ज्यांतील लोखंड गंजून फुगतें व सिमेंटचे पोपडे पडतात. इकडे जमिनीची किंमत घराच्या किंमतीच्या कितीतरी पुढें गेलेली असते. सत्तरी ओलांडलेल्या दांपत्यास ‘घर जपा’ म्हणून उपदेश करणें सोपें आहे. गच्चीची दुरुस्ती त्या उपदेशानें होत नाहीं. म्हणून प्रत्येक घर टिकलेंच पाहिजे, असा माझा आग्रह नाहीं. मात्र विकतांना आपण काय विकतों आहों, हें कळून विकावें, एवढें म्हणणें आहे.

त्यांतहि एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे बहिणींच्या सहीची. हे बंगले बहुतांशीं पगारांतून किंवा वकिली-डॉक्टरीच्या मिळकतींतून बांधलेले, म्हणजे स्वकष्टार्जित आहेत. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यान्वयें, बाप मृत्युपत्र न करतां वारला तर अशा मिळकतींत मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा आहे. पुष्कळांस वाटतें कीं मुलींना हा हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला. त्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क दिला. स्वकष्टार्जित घरांतील तिचा वाटा त्याआधीं जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे. १९५६ च्या कायद्यांत एक अडसर मात्र होता. राहत्या घराची वांटणी, भाऊ तयार होईपर्यंत, बहिणीस मागतां येत नसे. तें कलम २००५ सालीं गेलें. तरीहि सौद्याच्या आदल्या आठवड्यांत बहिणीस माहेरीं बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल चालूच आहे. सही खुषीची असेल तर प्रश्नच नाहीं. परंतु घराची किंमत काय ठरली हें तिला न सांगतां घेतलेली सही खुषीची कशी म्हणावी? चांगल्या मध्यस्थानें पहिल्याच भेटींत ‘वारस किती?’ हा प्रश्न विचारावा आणि किंमत सर्वांच्या समक्ष बोलावी. कौटिल्यानें चाळीस कुळें बोलाविलीं. आपण निदान चार भावंडें तरी बोलवावींत.

मध्यस्थास कायद्याचें बंधन किती आहे, हेंहि ठाऊक असावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें अशा मध्यस्थांस नोंदणी आवश्यक केली, आणि महाराष्ट्रांत २०२३ पासून त्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावें लागतें. परंतु ही नोंदणीची अट नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका व भूखंड यांच्या विक्रीपुरती आहे. साठ वर्षांचा जुना बंगला तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्या मालकाला आधार उरतो तो १८७२ च्या करार कायद्याचा. त्या कायद्याचा सिद्धांत सरळ आहे. ज्याचें काम पत्करलें त्याच्या नकळत मध्यस्थानें त्याच व्यवहारांत स्वतःचा नफा साधूं नये. साधला तर तो मालकास मागतां येतो, आणि महत्त्वाची गोष्ट लपविली असेल तर तो व्यवहारच नाकारतां येतो. जुन्या घरांच्या सौद्यांत नेमकी हीच भीति असते. दलाल आपल्याच माणसाच्या नांवें इसार देतो, वर्षभर साठेखत धरून ठेवतो आणि मग तेंच घर बांधकामवाल्यास चढ्या भावानें देतो. म्हणून आपला मध्यस्थ समोरच्याकडूनहि दलाली घेणार आहे काय, हें आधींच लेखी विचारून घ्यावें. विचारल्याबद्दल रागावणारा मध्यस्थ आपल्या उपयोगाचा नव्हे.

या शहरांत अशा घरांसाठीं खास मध्यस्थ निर्माण व्हावयाचा असेल तर त्याला चार गोष्टी याव्या लागतील. नगर भूमापनाचा उतारा, मंजूर नकाशा आणि उर्दू-मोडींतील जुने कागद वाचतां यावेत, अथवा वाचणारा माणूस हाताशीं असावा. छज्ज्याच्या पोपड्यावरून दुरुस्ती कोठपर्यंत गेली आहे याचा अंदाज यावा, आणि वरचा रंग पाहून त्यानें फसूं नये. वारसांची गोष्ट बोलण्याचें धैर्य असावें. आणि ज्याला दवाखाना, कचेरी, वाचनालय किंवा नुसतें शांत राहणें यासाठीं असें घर हवें आहे, असा ग्राहक शोधण्याइतका धीर असावा. असा ग्राहक बांधकामवाल्याएवढी किंमत क्वचितच देईल. तेव्हां फरक किती हें मालकास स्पष्ट सांगून निवड त्याच्यावर सोंपवावी.

जेथें पाडण्यावांचून गत्यंतर नाहीं, तेथेंहि एक काम एका दिवसांत होण्याजोगें आहे. घराचा नकाशा मापून काढावा, प्रत्येक खोलीचें छायाचित्र घ्यावें, बांधणाऱ्याचें नांव व साल लिहावें, आणि ती वही घरांतल्या सर्व भावंडांना एकेक द्यावी. शहरानें १६१० पासून आजवर चार नांवें पाहिलीं. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नांवांची नोंद सरकार ठेवतें. माणसें कशीं राहत होतीं याची नोंद मात्र घरवाल्यांनींच ठेवावी लागते.