भुवयांचे केशनिर्मूलन आणि त्वचेचे संरक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सौंदर्यसाधनेच्या इतिहासाचे लेखन बहुधा फॅशनच्या अंगाने झालेले आहे. कोणत्या काळी भुवया जाड होत्या, कोणत्या काळी रेषेसारख्या बारीक झाल्या, याची नोंद चित्रे, शिल्पे व चित्रपट यांच्या आधारे सहज घेता येते. त्या भुवया कोरताना त्वचेचे काय झाले, ती लाल का झाली, सोलवटली का गेली आणि हे टाळण्याचे ज्ञान कोणाकडे होते, हा प्रश्न मात्र इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. ग्राहकाच्या भुवईवर गरम मेण लावणाऱ्या ब्युटी पार्लरमधील स्त्रीला हा प्रश्न दररोज पडतो. त्याची जी उत्तरे ती देते, त्यांतील बहुतेकांमागे वैद्यकाचा व कायद्याचा दीर्घ इतिहास उभा आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासातील काही टप्प्यांचा विचार करण्यात आला आहे.

हरताळ, चुना आणि राळ

केस काढण्याचा सर्वांत जुना तपशीलवार भारतीय उल्लेख सौंदर्यशास्त्रात नसून शल्यतंत्रात सापडतो, ही बाब लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरील साठ उपक्रमांमध्ये लोमापहरणाचा समावेश आहे. केसांनी वेढलेला व्रण नीट भरून येत नाही, म्हणून वस्तरा, कात्री अथवा चिमट्याने केस काढावेत, असा तेथील विचार आहे. त्यासोबत शंखाचे चूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग आंबवलेल्या द्रवात वाटून केलेला लेपही सांगितला आहे. मराठीत ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार पोथीतील चुकीची अक्षरे हरताळाच्या पिवळ्या लेपाने झाकण्याच्या पद्धतीवरून रूढ झाला. अक्षर पुसणारे तेच द्रव्य केसही पुसत असे. हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे संयुग. क्षारयुक्त द्रव्यासोबत ते केसातील केराटिन विरघळवते. परंतु केराटिन हे त्वचेच्या बाह्य थराचेही घटकद्रव्य आहे. केस विरघळावा आणि त्वचा शाबूत राहावी, यांतील अंतर काही मिनिटांचेच असते.

हे अंतर मध्ययुगीन वैद्यांना ठाऊक होते. बाराव्या शतकात इटलीतील सालेर्नो येथे रचल्या गेलेल्या व ‘त्रोतुला’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसमूहात स्त्रियांच्या प्रसाधनाचा एक स्वतंत्र भाग आहे. त्यात कळीचा चुना व हरताळ यांचा लेप सांगताना तो तयार झाला की नाही हे पिसावर तपासून पाहावे, असे म्हटले आहे. लेप जास्त वेळ राहिल्याने त्वचा भाजली तर कोणते तेल व मलम लावावे, हेही लगेच पुढे दिले आहे. कृती, तिची पूर्वचाचणी आणि अपघातावरील उपाय या तिन्ही गोष्टी एकत्र देणारी ही मांडणी आजच्या कित्येक प्रसाधनांच्या वेष्टनावरील मजकुरापेक्षा प्रामाणिक वाटते.

मेणाच्या पद्धतीचा वंश निराळा आहे. ग्रीक व रोमन वैद्य डांबर व राळ यांचा तापवलेला लेप अंगावर लावून तो ओढून काढीत. यात केस निघत, हा एक भाग झाला. पण गालेनच्या परंपरेत हाच लेप कृश झालेल्या अवयवाकडे रक्त ओढून आणण्यासाठी, म्हणजे त्वचा मुद्दाम लाल करण्यासाठीही वापरला जाई. आज ज्या लालीला दुष्परिणाम समजले जाते, ती त्या काळी उपचाराचे फलित होती. अरब जगतात व इजिप्तमध्ये साखर आणि लिंबू यांचा घट्ट पाक वापरण्याची रीत रूढ झाली. हा पाक पाण्याने धुऊन निघतो, राळेप्रमाणे कातडीला चिकटून राहत नाही.

राळेचे नाव या इतिहासात पुन्हा येते. चीडवृक्षाच्या डिंकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर मागे राहते ती राळ. आयोनियातील कोलोफोन या नगराच्या नावावरून युरोपीय वैद्यकात तिला कोलोफोनी म्हणतात. आधुनिक मेणाला चिकटपणा देण्यासाठी राळ किंवा तिची रूपांतरित संयुगे वापरली जातात आणि स्पर्शजन्य ॲलर्जीच्या सुपरिचित कारणांमध्ये तिची गणना होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्स व बेल्जियममधील त्वचारोगतज्ज्ञांनी मेणपट्ट्यांमुळे झालेल्या त्वचादाहाच्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा रूपांतरित राळ हे एक प्रमुख कारण आढळले.

वेदना नसलेली इजा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केशनिर्मूलन वैद्यकाच्या कक्षेत परतले. १८७५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल याने डोळ्याच्या आत वळलेल्या पापण्यांचे केस विद्युत्सुईने नष्ट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८९६ मध्ये व्हिएन्नातील लिओपोल्ड फ्रॉइंड याने एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ जन्मखूण क्ष-किरणांनी केशरहित केली. पुढे त्याच जागी व्रण झाला. असे असूनही १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाने क्ष-किरण केशनिर्मूलनाची केंद्रे उघडली गेली. यात त्वचेची आग होत नसे, लाली येत नसे. म्हणूनच ग्राहकांचा विश्वास बसला. सुरकुत्या, व्रण व कर्करोग अनेक वर्षांनी प्रकट झाले. १९३० च्या सुमारास आलेल्या ‘कोरेमलू’ या मलमात थॅलियम ॲसिटेट होते. त्याने केस गळत, आणि त्यासोबत मज्जातंतूही दुखावत. तात्कालिक दाह ही त्वचेची तक्रार असते. ती ऐकू येत नाही, याचा अर्थ इजा होत नाही असा नव्हे, हे या दोन्ही प्रकरणांनी दाखवून दिले.

भुवयांचा कायदा

याच काळात हॉलिवूडच्या मूकपटांनी बारीक भुवयांची आवड जगभर नेली. क्लारा बो, ग्रेटा गार्बो यांच्या छायाचित्रांत ती दिसते, आणि भारतीय बोलपटांच्या प्रारंभकाळातील देविकाराणीसारख्या अभिनेत्रींच्या छायाचित्रांतही. भुवया विरळ झाल्या की त्यांना रंग देणे ओघाने आले. १९३३ मध्ये अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ या पापण्या व भुवया रंगवण्याच्या द्रव्याने काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली. त्यात पॅराफेनिलिनडायअमाइन हे रंगद्रव्य होते. १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नसल्याने अन्न व औषध प्रशासनाला ते बाजारातून काढून घेता येईना. प्रशासनाने अशा वस्तूंचे प्रदर्शन भरवले. वृत्तपत्रांनी त्याला ‘भयदालन’ अशा अर्थाचे नाव दिले. १९३८ चा नवा कायदा संमत होण्यामागे या जनमताचा मोठा वाटा होता.

या कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कोळशाच्या डांबरापासून बनवलेल्या केशरंगांना कायद्याने सवलत दिली; अट अशी की वेष्टनावर त्वचादाहाची सूचना असावी आणि वापरापूर्वी चाचणी घेण्यास सांगितलेले असावे. पापण्या व भुवया यांच्या रंगांना मात्र ही सवलत नाकारण्यात आली. शरीराच्या एका लहानशा भागासाठी कायद्याने वेगळी रेघ ओढली, याला शरीररचनेचा आधार आहे. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, सुमारे अर्धा मिलिमीटर असते, आणि भुवईखालचा जो भाग पार्लरमध्ये सर्वाधिक कोरला जातो तो तिलाच लागून आहे.

चाचणीची ही कल्पना तत्पूर्वीची, जोसेफ याडासोन याने १८९५ मध्ये मांडलेल्या पट्टी-चाचणीची होय. संशयित द्रव्य त्वचेवर बांधून ठेवायचे आणि दोन दिवसांनी पाहायचे, असे तिचे स्वरूप आहे. पार्लरमध्ये मनगटावर मेणाचा थेंब टाकून जी तपासणी होते, ती तापमानाची आहे. भाजणे तिने टळते. ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उमटते, ती या थेंबाने कळत नाही. दाह व ॲलर्जी या दोन निराळ्या घटना आहेत, हा भेद प्रशिक्षणाच्या पुस्तकांत अनेकदा पुसट राहिलेला दिसतो.

हर्मन पिंकस याने १९५१ मध्ये चिकटपट्टी त्वचेवर पुन्हा पुन्हा लावून ओढली असता बाह्यत्वचेचे थर क्रमाने निघतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. एकाच जागी दुसऱ्यांदा मेण लावू नये, राहिलेले केस चिमट्याने काढावेत, या नियमाचे स्पष्टीकरण येथे मिळते. मुरुमांवरील ट्रेटिनॉइन १९७१ मध्ये व आयसोट्रेटिनॉइन १९८२ मध्ये अमेरिकेत मान्य झाल्यानंतर या नियमाला नवे गांभीर्य आले. ही औषधे घेणाऱ्या व्यक्तींची बाह्यत्वचा मेणासोबत सोलून निघाल्याची उदाहरणे १९९० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि ते थांबवल्यावर किमान सहा महिने मेणाने केस काढू नयेत, ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आली. मेण लावण्यापूर्वी ‘चेहऱ्यावर काही औषध लावता का, पोटातून गोळ्या चालू आहेत का’, असे विचारणे तेव्हापासून शिष्टाचाराचा भाग न राहता सुरक्षेचा भाग झाले.

भारतीय संदर्भ

भारतात भुवयांसाठी मेणापेक्षा दोऱ्याचा वापर अधिक. थ्रेडिंगमध्ये उष्णता नाही, राळ नाही, त्वचेला चिकटणारे काहीच नाही. त्यामुळे सोलवटण्याचा धोका कमी होतो. पण दोरा त्वचेवर घासतो आणि त्याचे एक टोक पुष्कळदा दातांत धरले जाते. केशमुळांचा दाह, चामखीळ यांसारखे संसर्ग तसेच भुवईच्या जागी कोड उमटणे, अशी उदाहरणे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. इजा झालेल्या जागी मूळचा त्वचारोग प्रकट होण्याची ही घटना हाइनरिख कोबनर याने १८७० च्या दशकात वर्णिली होती. आपल्या समाजात कोडाभोवती असलेले भय लक्षात घेता, ज्या मुलीच्या अंगावर आधीच कोडाचा डाग आहे तिला दोरा लावण्यापूर्वी थांबणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

१९४० चा औषध कायदा मुळात प्रसाधनांना लागू नव्हता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यांचा समावेश झाला आणि कायद्याच्या नावातही बदल झाला. २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम आले. हे सर्व नियम वस्तूचे आहेत: तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि तिच्यावरील लेबल. डबा उघडल्यानंतर मेण किती तापवले, एकच लाकडी पट्टी किती जणींच्या भुवयांवर फिरून पुन्हा डब्यात बुडाली, ग्राहकाला औषधाविषयी विचारले की नाही, हे त्या लेबलाच्या पलीकडचे आहे. तेथे उरतो तो पार्लरमधील कारागीर स्त्रीचा हात, आणि तिला मिळालेले किंवा न मिळालेले प्रशिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कॉस्मेटोलॉजीचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तथापि गल्लीबोळांतील असंख्य पार्लरमध्ये हे काम एकीकडून दुसरीकडे, पाहून पाहून शिकले जाते. त्या शिक्षणात मनगटावरचा थेंब आलेला आहे. याडासोनची दोन दिवसांची पट्टी अजून आलेली नाही.