भायखळ्याच्या तुरुंगातले स्वयंसेवक

विंचूरला घरी गेले की मावशी हमखास विचारते, “जे आजारीच नाहीत, त्यांना कशाला सुया टोचता गं?”

या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लस निरोगी माणसालाच द्यायची असते. शिवाय निरोगी शरीराची प्रतिकारशक्ती कशी वागते हे माहीत नसेल, तर बिघाड ओळखायचा कशावरून? अवघड आहे ते पुढचं. निरोगी माणूस ‘हो’ का म्हणेल?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि लगतचा व्हरांडा. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे (हो, आपलं तूपच! जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात), मग उष्णतेने ते मारायचे. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले.

आता एका माणसावरून काय सिद्ध होणार? महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. संशोधकाच्या नजरेने पाहा: सगळे एका छपराखाली, जेवण एकच, लागणीचा धोकाही जवळपास सारखाच, आणि कोणी निघून जाणार नाही. बाहेरच्या शहरात लोक घरं सोडून पळत होते. तिथे अशी मोजदाद करणार कशी? तुरुंगात ती झाली. लस न घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त निघाले.

माझी पहिली शंका पद्धतीची आहे. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. जे पुढे आले ते मुळातच जास्त धडधाकट असतील तर? तुम्हाला मुलाखतीत हे विचारलं जाऊ शकतं, म्हणून लक्षात ठेवा.

दुसरी शंका जास्त टोचते. ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचं का? आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं कैद्यांना विशेष संरक्षण लागणाऱ्या गटात धरतात, ते यामुळेच. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात कोविशील्डच्या चाचणीसाठी स्वयंसेवक आले, तेव्हा त्यांना घरी परत जाता येत होतं. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

हे सगळं मावशीला सांगितलं. ती कांदा चिरता चिरता म्हणाली, “आणि जे नाही म्हणाले, त्यांचं काय?”

ते तुलनेचा गट झाले. लस उपयोगी ठरली ती त्यांच्यातल्या मृत्यूंशी तुलना करून. त्यांनी सुई नाकारली होती, पण आकडेवारीत ते आलेच.