गावातल्या न्यूमोनियाचा नकाशा : ज्या वाडीवर एकही ठिपका नाही, ती खरंच निरोगी आहे का?

पावसाळा लागला की लहान पोरांचा खोकला सुरू होतो, तो थंडी सरेपर्यंत चालतो. बहुतेक पोरं आठवड्याभरात बरी होतात. पण त्यातल्याच काहींना न्यूमोनिया होतो आणि वेळेत औषध मिळालं नाही तर दोन-तीन दिवसांत जीवावर बेततं. काही भागांत जुनी माणसं याला 'डबा झाला' म्हणतात. आजार कोणत्या गावात, कोणत्या पाड्यावर जास्त आहे हे आधी कळलं तर औषध, लस आणि आशाताईंची फेरी तिकडे आधी वळवता येते. आजारांचा नकाशा काढतात तो यासाठी.

नकाशा म्हणजे फार मोठं काही नाही. तालुक्याचा किंवा गावाचा कागद घ्यायचा. पाच वर्षांखालचं मूल दम लागून आजारी पडलं की त्याच्या वस्तीवर एक ठिपका, सोबत महिना. हल्ली हेच काम मोबाईलवर होतं. ठिपके मात्र कुठून येतात? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरमधून. आणि खरी गोम तिथेच आहे.

जी वाडी डांबरी रस्त्यावर आहे, तिथली आई पोराला केंद्रात आणते. तिचा ठिपका पडतो. जिथून ओढा ओलांडून सात-आठ किलोमीटर चालावं लागतं, तिथली आई घरीच शेक देते, नाहीतर गावातल्या वैदूकडे जाते, नाहीतर बाजाराच्या दिवशी खासगी डॉक्टरकडून सुई टोचून आणते. यातलं काहीच सरकारी रजिस्टरला लागत नाही. नकाशावर ती वाडी स्वच्छ दिसते. मग साहेब म्हणतात, तिकडे काही प्रॉब्लेम नाही, आणि गाडी परत रस्त्याकडेच्याच गावात जाते. आमच्या मते सगळ्यात आधी शंका घ्यावी ती अशा कोऱ्या जागेवर.

गडचिरोलीत काय झालं

हे नुसतं बोलणं नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1980 च्या दशकात घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजले. दवाखान्याच्या वहीवर विसंबून राहिले नाहीत. तेव्हा लक्षात आलं की लहान मुलांच्या मरणाचं सर्वात मोठं कारण न्यूमोनिया आहे. मग 102 गावांत प्रयोग झाला. 58 गावांत गावातलेच आरोग्यदूत, दायी आणि आरोग्य कर्मचारी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळी-औषध द्यायला शिकवलं. उरलेल्या 44 गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली.

निकाल 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाच्या 612 केसेसवर उपचार झाले आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण 0.8 टक्के राहिलं. दुसऱ्या गावांत ते 13.5 टक्के होतं. औषध काही महागडं नव्हतं, तेव्हाचं साधं कोट्रायमोक्साझोल. फरक पडला तो औषध दारात पोचल्यामुळे आणि प्रत्येक घर मोजल्यामुळे.

दायींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यावर उपाय म्हणून श्वास मोजायचं मण्यांचं यंत्र बनवलं. एका बाजूला एक मिनिटाची वाळूची घडी, दुसरीकडे तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. शाळा न शिकलेल्या बायांनी हे काम चोख केलं.

पुढे 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. महाराष्ट्रात होणारे बालमृत्यू आणि सरकारी नोंदीतले बालमृत्यू यांत केवढी तफावत आहे, हे त्याने उघडं केलं. म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या पोरांचा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नव्हता.

नुसते ठिपके मोजू नका

दुसरी चूक हिशेबाची. समजा, मोठ्या गावात पाच वर्षांखालची 200 मुलं आहेत आणि 20 आजारी पडली. शेजारच्या पाड्यावर 25 मुलं आणि 5 आजारी. ठिपके गावात जास्त दिसतील. पण शंभराच्या हिशेबाने गावात 10 आणि पाड्यावर 20, म्हणजे पाड्यावरचा त्रास दुप्पट. म्हणून प्रत्येक वस्तीत मुलं किती, हा आकडा आधी हवा. तो अंगणवाडीत मिळतो. ऊसतोडीला आलेल्या टोळीची आणि वीटभट्टीवरची पोरं मात्र त्या यादीत बहुधा नसतात. त्यांच्या झोपड्यांना नकाशात वेगळी जागा द्यावी लागते.

ठिपक्यांच्या जोडीला आणखी थोडी माहिती टिपली तर कारणही दिसायला लागतं. स्वयंपाक चुलीवर होतो का आणि बाळ त्याच खोलीत झोपतं का? भट्टीचा किंवा पाचट जाळल्याचा धूर कोणत्या वस्तीकडे जातो? बाळाचं वजन कमी आहे का? न्यूमोकोकल लस (पीसीव्ही) झाली का? ही लस महाराष्ट्रात 2021 पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे : दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर. एखाद्या पाड्यावर आजारी मुलं जास्त आणि डोस चुकलेलीही तिथेच जास्त असतील, तर पुढचं लसीकरण सत्र तिथे ठेवा असं सांगायला कागद हातात येतो. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आणि ग्रामसभेत हे मांडता येतं. तोंडी तक्रार विरून जाते, नकाशा भिंतीवर राहतो.

एक पथ्य पाळा. नकाशावर मुलाचं नाव किंवा घर नंबर नको, वस्ती पुरे. आणि कोणाचं पोर आजारी आहे हे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

ठिपका टाकायचा कधी?

साध्या सर्दीला नाही. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगडं वर करून पोट बघा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असतील, तर श्वास जलद आहे. तान्ह्या बाळाचे 60 च्या वर आले तर एकदा परत मोजून खात्री करा. खोकला आणि जलद श्वास असेल तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा केंद्राला कळवा. 2019 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'सांस' मोहिमेत आशाताईंनी ॲमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन मुलाला पुढे पाठवायची सोय आहे. तुमच्या आशाताईंकडे ते औषध आहे का, हे पोर आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, मूल पीत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटके आलेत किंवा सुस्त पडलंय, तर मोजत बसू नका, सरळ 108 ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसता जलद श्वाससुद्धा धोक्याचा धरून लगेच दवाखाना गाठा.